महाजबड्याचं शुद्धिपत्र

आमच्या छापखान्यातल्या मुद्रितशोधक बाईंना समोर सगळे 'बाई' म्हणत आणि पाठीमागे 'स्वल्पविराम'. हे नाव मालकांनी ठेवलं. मालकांच्या साडूंच्या दुकानाची जाहिरात मशीनवर चढली होती, कागद सुटायला लागले होते, आणि बाईंनी स्वतः जाऊन मशीन बंद करायला लावलं. 'टिकाऊ स्वस्त फर्निचर' यात टिकाऊनंतर स्वल्पविराम राहिला होता.

मालक वैतागले. "अहो, टिकाऊ स्वस्त असंच म्हणायचंय त्यांना."

"दोन्ही एकत्र कुठे मिळतं?" बाई म्हणाल्या. "मध्ये थोडी जागा नको सोडायला?"

मी तिथे टाइप करायला होतो. बाईंचं आणि माझं टेबल समोरासमोर. मी चुका करायच्या आणि त्यांनी त्या काढायच्या, असा आमचा अठरा वर्षांचा संसार. त्यांच्या खऱ्या संसारातले यजमान लिफ्ट दुरुस्त करायचे. मूलबाळ नव्हतं. यजमान किराण्याची यादी लिहून फ्रिजवर लावायचे आणि बाई येता-जाता तिच्यातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारायच्या. "दुकानदार साबण देतो की उकार बघतो?" असं यजमान म्हणत, पण पुढच्या वेळी 'साबूण' न लिहिता 'साबण' लिहीत. बायकोला भिण्याचे अनेक प्रकार असतात, त्यातला हा त्यातल्या त्यात सुसंस्कृत.

बाईंची कामाची पद्धत ठरलेली होती. ओळीखाली लाकडी फूटपट्टी धरायची, ती एकेक ओळ खाली सरकवायची. आकडे उलटे वाचायचे. लाल पेन माझ्या चुकांसाठी, हिरवं लेखकाच्या. माझी पानं गोवर आल्यासारखी दिसायची. पण अठरा वर्षांत त्यांनी मला एकदाही "लक्ष कुठे असतं तुमचं?" असं विचारलं नाही. एकदा मीच शरमून काहीतरी बोललो, तर म्हणाल्या, "टाइप करणाऱ्याकडून चुका व्हायच्याच. नाहीतर मला कशाला ठेवलंय?"

आमच्याकडे यायचं ते सगळं रुक्ष काम. पाण्याच्या पंपांची माहितीपुस्तकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, दवाखान्यांचे केसपेपर. त्या केसपेपरच्या निमित्तानेच दातांचे डॉक्टर आमच्याकडे यायचे. पन्नाशीचा, गोरागोमटा, हळू आवाजात बोलणारा माणूस. एके दिवशी केसपेपरचे गठ्ठे गाडीत टाकून झाले तरी ते जाईनात. मालकांच्या टेबलापाशी घुटमळत राहिले आणि शेवटी पिशवीतून चार-पाचशे कागदांचं एक बाड काढून त्यांनी टेबलावर ठेवलं.

"हे जरा छापायचंय," ते म्हणाले. चोरीचा माल विकायला आल्यासारखा चेहरा झाला होता त्यांचा.

ते बाड म्हणजे एका खेळाचं पुस्तक होतं. टेबलाभोवती पाच-सहा माणसं बसतात. एक जण गोष्ट सांगतो, त्याला सूत्रधार म्हणायचं. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. कोणी कप्तान, कोणी चोर, कोणी जादूगार. सूत्रधार म्हणतो, वादळ आलं, आता काय करता? मग ज्याने त्याने आपल्याला सुचेल ते सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे वीस पैलूंच्या फाशाने ठरायचं; आकडा मोठा पडला तर जमलं, लहान पडला तर फसलं. ना पट, ना सोंगट्या. सगळं तोंडी. डॉक्टरांच्या खेळाचं नाव 'खोल पाणी'. सगळा कारभार समुद्रावर. नऊ वर्षं ते हे लिहीत होते, पेशंट आणि पेशंटच्या मधल्या वेळात, जुन्या केसपेपरच्या पाठकोऱ्या बाजूला. त्यामुळे एका बाजूला 'वरची डावी दाढ, तीन दिवस ठणका' आणि उलटून पाहिलं की 'शिडं फाटतात, डोलकाठी कोसळते'. अक्षर डॉक्टरचंच होतं, त्यापुढे काय सांगू!

मालकांनी बाड बाईंपुढे ठेवलं. "बघा हो. मोठ्या माणसांचा खेळ म्हणे. राक्षसबिक्षस आहेत."

"राक्षस असो की पंप, शुद्धलेखन तेच," बाई म्हणाल्या, आणि फूटपट्टी काढली.

पुस्तकात राक्षस पुष्कळ होते, पण मुख्य एकच. महाजबडा. समुद्राच्या तळाशी राहणारा, बंदराएवढा मोठा प्राणी. त्याची पाठ पाण्याबाहेर आली की खलाशांना बेट वाटायचं, तिथे ते नांगर टाकायचे आणि मग संपायचे. डॉक्टरांनी त्याचे डोळे अडीच ओळींत आटोपले होते, शेपूट एका ओळीत, आणि दात मात्र साडेतीन पानं. सुळे किती, दाढा किती, कोणती दाढ जहाज फोडायला आणि कोणती माणसं चावायला, अक्कलदाढ कितव्या शतकात येते, हिरड्यांचा रंग कसा. दात एकूण दोनशे सोळा. बाईंनी वरच्या जबड्यातले आणि खालच्या जबड्यातले वेगवेगळे मोजून बेरीज करून पाहिली. बरोबर आली. त्या दिवशी डॉक्टर त्यांच्या नजरेत एक पायरी वर चढले.

पण शेपटीत गफलत निघाली. बाईंनी डॉक्टरांना बोलावून घेतलं.

"पान एकतीसवर शेपूट तीनशे हात आहे आणि अठ्ठ्याऐंशीवर दोनशे ऐंशी. कोणतं ठेवायचं?"

डॉक्टर गडबडले. "तो... चिडला की शेपूट आवळून घेतो."

"मग तसं लिहा. वाचणाऱ्याला स्वप्न पडणार आहे का?"

डॉक्टरांनी तिथेच उभ्या उभ्या लिहून दिलं. पुढे ही शेपटीची आवळण खेळणाऱ्यांना फार आवडली. राक्षसाने शेपूट आवळलं की पळायची वेळ झाली, हे सगळ्यांना कळायला लागलं. बाईंनी एवढ्यावर सोडलं नाही. हा प्राणी झोपतो कधी? इतका मोठा असून खातो काय, आणि जहाजं वर्षातून दोनदाच येत असतील तर मधल्या काळात काय करतो? डॉक्टर दर दोन-तीन दिवसांनी उत्तरं घेऊन यायचे. पेशंट सोडून यायचे बहुतेक. मालक मला हळूच म्हणाले, "बाईंनी त्या राक्षसाला पार शिस्त लावली."

आता मुख्य गोष्टीकडे येतो, आणि ती माझ्यापासून सुरू होते. छापील पुस्तकातलं अठ्ठ्याऐंशीवं पान, चौदावी ओळ. डॉक्टरांनी मुळात लिहिलं होतं, 'बुडणाऱ्याला तो शोधून शोधून मारतो.' त्यांच्या अक्षरात 'मा' कुठला आणि 'ता' कुठला हे देवालाच ठाऊक. चष्म्याचा नंबर बदलायचं मी तीन महिने टाळत होतो. मी टाइप केलं, 'बुडणार्याला तो शोधून शोधून तारतो.'

म्हणजे एका ओळीत माझ्या दोन चुका. बाईंनी प्रूफ वाचलं तेव्हा 'बुडणार्याला' त्यांना डोळ्यांत खडा गेल्यासारखं बोचलं. असा 'र्या' त्यांना अजिबात खपायचा नाही. त्यांनी लाल पेनाने गोल केला, समासात नीट 'ऱ्या' काढून दाखवला, खाली दोन रेघा मारल्या. आणि त्या रागात फूटपट्टी पुढच्या ओळीवर सरकली. शेवटचा शब्द पट्टीच्या वर राहिला तो राहिलाच. एक चूक पकडल्याच्या समाधानात तिच्या शेजारची सुटते, असं नंतर त्याच मला म्हणाल्या. दुसऱ्या प्रूफात 'ऱ्या' सुधारलेला दिसला, त्यांनी बरोबरची खूण केली, आणि पुस्तक छापून, बांधून बाहेर पडलं.

तीन-चार महिने कुठे काही हालचाल नव्हती. मग छापखान्याच्या पत्त्यावर पत्रं यायला लागली, कारण डॉक्टरांनी लाजेखातर पुस्तकात स्वतःचा पत्ता दिला नव्हता. पहिलं पत्र मालकांनी मोठ्याने वाचून दाखवलं. लिहिणाऱ्याने लिहिलं होतं: 'आम्ही सहा जण खेळतो. आमचं जहाज महाजबड्याने फोडलं तेव्हा आम्ही मरणार असं धरूनच चाललो होतो. मग सूत्रधाराने पान अठ्ठ्याऐंशीवरची ती ओळ वाचली. आम्ही ती त्याला पुन्हा तीनदा वाचायला लावली. इतका भयंकर प्राणी आणि बुडणाऱ्याला शोधून शोधून तारतो! लेखकाला आमचा नमस्कार सांगा.'

मालक खूश होऊन पुढचं पाकीट फोडत होते. मी बाईंकडे पाहिलं. त्या कपाटाकडे गेल्या, मूळ बाड काढलं, तो केसपेपर शोधला, खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. मग माझं भिंग मागितलं. भिंगाखाली 'मा' स्वच्छ दिसत होता. खाली बसल्या आणि पेनाची टोपणं लावायला लागल्या. लाल पेनाला हिरवं टोपण लावलं, काढलं, परत तेच लावलं.

"बाई, चूक माझी आहे," मी म्हणालो.

"तुमची लाल पेनाची," त्या म्हणाल्या. "माझ्या चुकीसाठी पेनच नाहीये आपल्याकडे."

त्यांनी मालकांना सांगितलं, शुद्धिपत्र छापा. मालकांनी पत्रांचा गठ्ठा दाखवला. "लोक नमस्कार पाठवतायत आणि तुम्हाला शुद्धिपत्र सुचतंय? काय लिहू? की तुम्ही ज्याला नमस्कार केला ती आमच्या कामगाराची चष्म्याची भानगड होती?"

ते ऐकून मी नवा चष्मा केला. पण बाईंचं समाधान चष्म्याने होणार नव्हतं. त्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या दवाखान्यात गेल्या. पुढचं त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगताना गाल धरून सांगितलं.

बाहेर पेशंटची रांग होती. मदतनीस बाईने विचारलं, "कोणता दात?" या म्हणाल्या, "दात नाही, ओळ." तिला वाटलं, दातांची अख्खी ओळच दुखतेय. तिने लगबगीने आत नेऊन खुर्चीत बसवलं आणि खुर्ची मागे पाडली. डॉक्टर आले, मास्क लावलेलाच होता, "आ करा" म्हणाले. बाईंनी बोलायला तोंड उघडलं आणि आरसा आत गेला.

"अरे, तुम्ही!" डॉक्टर म्हणाले. "ही खालची दाढ किती दिवस अशी आहे?"

"आँ... आँ आँ..." बाई म्हणाल्या. म्हणजे, पान अठ्ठ्याऐंशी.

"बोलू नका. कीड आत गेलीय. भरून टाकतो."

अर्धा तास त्या कबुली द्यायला धडपडत होत्या आणि डॉक्टर दाढ कोरत होते. गुळणी करायला उठवलं तेव्हा बाईंनी गुळणी न करताच सगळं सांगून टाकलं. डॉक्टर हातमोजे काढत शांतपणे म्हणाले, "माहीत आहे मला. पुस्तक हातात आलं त्याच दिवशी दिसलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही नऊ चुका काढल्यात माझ्या. म्हटलं, दहावी तुमची निघाली तर कशाला दुखवा." आणि मग ते जास्तच हळू आवाजात म्हणाले, "आणि आता बोलायची सोय राहिली नाही. एका मासिकाने मुलाखत घेतली. त्यांनी विचारलं, ही ओळ सुचली कशी. मी म्हणालो, या एका ओळीवर मी दोन वर्षं विचार केला."

"आणि खरोखर किती केला होता?"

"मारतोवर? काहीच नाही. राक्षस मारणार नाही तर काय करणार?"

घरी गेल्यावर यजमानांनी समजूत काढली. "लिफ्ट खाली पडायच्या ऐवजी वर गेली, तर तक्रार कोण करतं? चूक चांगली झाली म्हणायचं आणि सोडून द्यायचं."

"वर गेलेली लिफ्ट थांबली नाही तर छताला आपटते," बाई म्हणाल्या. यजमानांना ते धंद्याच्या दृष्टीने मान्य करावं लागलं. अशी दोन माणसं आपटलेली त्यांनी पाहिली होती.

शेवटी बाईंनी स्वतःच शुद्धिपत्र केलं. मीच टाइप करून दिलं, तेवढं तरी मला करणं भाग होतं. 'पान ८८, ओळ १४: "तारतो"ऐवजी "मारतो" असे वाचावे. चूक मुद्रितशोधनातील आहे.' मी म्हटलं, 'चूक मुद्रणातील आहे' लिहू या, तसाच रिवाज आहे. त्यांनी ऐकलं नाही. मग त्यांनी ते कातरीने कापून बोटभर चिठ्ठ्या केल्या आणि सुट्टीच्या दिवशी पुस्तकांच्या दुकानात जाऊन, गिऱ्हाईक असल्याचं सोंग करून, एकेका प्रतीत चिठ्ठी सरकवून आल्या. आयुष्यात कधी विनातिकीट बसमध्ये न चढलेली बाई!

वाचनालयात मी सोबत गेलो. खरं तर मी टेहळणीला होतो आणि टेहळणी मी माझ्या टायपिंगसारखीच केली, कारण ग्रंथपाल बाई थेट आमच्या मागे येऊन उभ्या राहिल्या तरी मला पत्ता लागला नाही.

"पुस्तकात काय ठेवताय?"

"दुरुस्ती," बाई म्हणाल्या आणि त्यांनी चिठ्ठी पुढे केली. लपवाछपवी त्यांना तेवढीच जमत होती.

ग्रंथपाल बाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. "तुम्ही त्या छापखान्यातल्या? बरं झालं आलात. हे तुम्ही स्वतःच वर येऊन सांगा. मी सांगितलं तर मला वेडी म्हणतील."

वरच्या मजल्यावर जुन्या वर्तमानपत्रांची खोली होती. चार कपाटं, एक लांब टेबल, एका पायाखाली दुमडलेला पुठ्ठा. शनिवारी दुपारी तिथे 'खोल पाणी'चा खेळ चालायचा आणि ग्रंथपाल बाई सूत्रधार असायच्या. खेळणारे तिघं. एक बेकरीवाला, त्याच्या कोपरांना पीठ होतं. तो खेळात समुद्री चाचा होता. एक भूगोलाचे निवृत्त मास्तर, ते सुकाणू धरायचे आणि जहाज हमखास भलत्याच किनाऱ्याला लावायचे. आणि शिवणकाम करणाऱ्या एक काकू, ब्लाउजला टाचण्या तशाच लावून आलेल्या. त्या कप्तान होत्या.

ग्रंथपाल बाईंनी चिठ्ठी वाचून दाखवली. बेकरीवाला हसला. त्याला थट्टा वाटली. मास्तर म्हणाले, "हे होणं शक्य नाही. माझा त्या ओळीवर निबंध लिहून तयार आहे."

शिवणकामाच्या काकू बाईंकडे पाहत राहिल्या. "म्हणजे चुकून पडलं ते?"

"चुकून," बाई म्हणाल्या. "मूळ प्रतीत मारतो आहे."

"आमच्या घरातला एक माणूस पाण्यात गेला," काकू म्हणाल्या. आवाजात काही चढउतार नव्हता, शिलाईचं माप सांगावं तसं. "बारा वर्षं झाली. मी खेळबिळ खेळणारी नव्हे. ही ओळ ग्रंथपाल बाईंनी वाचून दाखवली म्हणून यायला लागले." मग टाचणी काढून टेबलावर ठेवत त्या म्हणाल्या, "चुकून तर चुकून. आता तुम्ही आलाच आहात, तर बसा. चौथा माणूस असला की जहाज जरा नीट हलतं."

बाई नको नको म्हणत बसल्या. त्यांना नकाशेवालीचं पात्र दिलं. कागदावर बळ, चपळाई, बुद्धी असे रकाने होते. ते भरताना त्यांनी 'चपळाई' शब्दाचा 'ळ' नीट काढला. जहाज निघालं. मी कपाटाला टेकून बघत होतो. पहिली पंधरा मिनिटं त्या चोरून घड्याळ बघत होत्या. मग मास्तरांनी जहाज खडकाकडे वळवलं, तेव्हा त्या एकदम म्हणाल्या, "डावीकडे घ्या, अहो! नकाशा माझ्याकडे आहे ना?" पुढे त्यांनी घड्याळ पाहिलं नाही.

तासाभराने महाजबडा आला. ग्रंथपाल बाईंनी दात वाचायला सुरुवात केली, बेकरीवाल्याने हात जोडून "दात राहू द्या" म्हटलं. फासे पडले. डोलकाठी गेली, तळ फुटला, चौघंही पाण्यात. पहिला नंबर नकाशेवालीचा लागला. तीन वेळा फासा टाकूनही बाईंना पोहणं जमलं नाही.

ग्रंथपाल बाईंनी पुस्तक उघडलं, पान अठ्ठ्याऐंशी. पण वाचलं नाही. पुस्तक बाईंपुढे सरकवलं. "तुम्हीच सांगा. तुमच्याइतकं हे पान कोणाला माहीत असणार? काय करतो तो?"

खोलीत सगळे त्यांच्याकडे पाहत होते. मी मनात म्हणत होतो, बाई, एक अक्षर आहे. सोडून द्या.

बाईंनी ओळीवर बोट ठेवलं. सवयीने फूटपट्टी शोधली असावी. मग म्हणाल्या, "मारतो."

बेकरीवाल्याच्या तोंडून "अरे!" निघालं. ग्रंथपाल बाईंनी नकाशेवालीच्या कागदावर काट मारली.

"आणि आम्ही?" काकूंनी विचारलं.

"तुमच्याकडे छापील प्रत आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही छापील प्रतीप्रमाणे खेळा. मूळ प्रत खेळणाऱ्यांत फक्त मी पाहिलीय. ती माझ्यापुरती."

"म्हणजे तुम्ही एकट्याच मेलात?"

"चूक माझी होती."

एवढं म्हणून त्या उठल्या आणि रुमाल शोधायला लागल्या. पर्समध्ये चिठ्ठ्याच चिठ्ठ्या, रुमाल सापडेना. काकूंनी पिशवीतून कापडाचा एक तुकडा काढून दिला. उरलेले तिघं रीतसर तरले, एकेक करून काठाला लागले. निघताना काकू म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी नवं पात्र करून या. मेलेल्याला परत यायची इथे परवानगी आहे. तेही छापलेलंच आहे पुस्तकात, तुम्हीच तपासलंय."

दुसऱ्या आठवड्यात बाई गेल्या. तिसऱ्यातही. दुकानातल्या चिठ्ठ्या मात्र त्यांनी काढून आणल्या नाहीत. पुढे अशा चिठ्ठीवाल्या प्रती लोकांच्या हाती पडल्या, आणि 'मारतोवाले' आणि 'तारतोवाले' असे खेळणाऱ्यांत दोन तट पडले, एकमेकांना कडाडून पत्रं लिहायला लागले. डॉक्टरांनी त्यावरही मुलाखत दिली. चिठ्ठीची कल्पना आपलीच होती, असं म्हणाले.

दीड वर्षाने दुसरी आवृत्ती काढायची ठरली. बाईंनी अट घातली, की ओळ डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने नव्याने लिहून द्यायची. डॉक्टरांनी केसपेपरवर मोठ्या, पहिलीतल्या मुलासारख्या अक्षरात 'तारतो' लिहिलं आणि खाली सही केली. झालं, मूळ प्रतच बदलली, आता चूक कुठली? मालकांनी सुस्कारा सोडला. पण बाईंनी हिरवं पेन काढलं आणि समासात लिहिलं: 'का तारतो? पुस्तकात कारण कुठेच नाही.'

डॉक्टर चार दिवस फिरकले नाहीत. पाचव्या दिवशी येऊन म्हणाले, "मला सुचत नाही. दयाळू आहे म्हणावं, तर जहाज का फोडतो? दुष्ट म्हणावं, तर माणसं का उचलतो?"

"मी लिहिते," बाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी दुसऱ्याचं न सुधारता स्वतःचं लिहिलं. अकरा ओळी. महाजबडा दयाळूही नाही आणि दुष्टही नाही. त्याला पाण्यात पाण्याबाहेरच्या वस्तू सहन होत नाहीत. लाकूड रानातलं, म्हणून तो जहाज फोडून फळ्या किनाऱ्याकडे लोटतो. माणूस जमिनीवरचा, म्हणून त्याला शोधून शोधून उचलतो आणि कोरड्या जागी नेऊन ठेवतो. मग तळाशी जाऊन, सगळं जागच्या जागी असल्याची खात्री करून झोपतो.

डॉक्टरांनी ते वाचलं, डोळे पुसले आणि स्वतःच्या नावाने छापायला दिलं. बाईंची हरकत नव्हती. मुद्रितशोधकाचं नाव पुस्तकावर घालतात कुठे? त्या अकरा ओळींचं प्रूफ मात्र त्यांनी मला वाचायला लावलं. म्हणाल्या, स्वतःचं स्वतःला दिसत नाही. मी नव्या चष्म्याने चार वेळा वाचलं. एकही चूक सापडली नाही म्हणून मला रात्रभर धाकधूक होती.

पुढे ग्रंथपाल बाईंची बदली झाली आणि सूत्रधाराची खुर्ची बाईंकडे आली. त्यांच्या हाताखाली खेळ फार सावकाश चालतो. कोणी 'मी लगेच ताबडतोब उडी मारतो' म्हटलं, की 'दोन्हींपैकी एक ठेवा' असं ऐकावं लागतं. गेल्या महिन्यात एक नवीन औषधवाले आले. कुठून तरी ऐकून आलेले होते. जहाज बंदरातून सुटतं न सुटतं तोच त्यांनी जाहीर केलं, "मी समुद्रात उडी टाकतो. तो येऊन तारणारच आहे."

बाईंनी चष्मा वर केला. "तारेल ना. पण बंदर अजून शंभरच हात मागे आहे. इथे पाणी कमरेएवढं आहे. तुम्ही बुडत नाही आहात, तुम्ही नुसते ओले झाला आहात."

औषधवाले बाकीची दुपारभर जहाजामागून पाण्यातून चालत होते. काकूंनी दोर टाकून त्यांना वर घ्यायचा प्रयत्न केला, पण फासा दोनचा पडला.